साधा पाईप नाय चालनार

आमच्या व्याह्यांशी दहा मिनिटं बोलल्यावरही आपल्या डोक्यातल्या सगळ्या गोष्टी जागच्या जागी राहिल्या, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मी स्वतः तेहेतीस वर्षं सरकारी कचेरीत टिपणं लिहिली. कुणाचंही गुंतागुंतीचं म्हणणं चार ओळींत सरळ करायचं आणि साहेबांपुढे ठेवायचं, एवढंच माझं काम. पण मुलीचं लग्न झाल्यापासून आमच्या व्याह्यांचं एकही म्हणणं मला चार ओळींत बसवता आलेलं नाही. गंमत म्हणजे ते स्वतः कधीच गोंधळलेले नसतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मांडीवर हात ठेवून, अगदी शांत बसलेले असतात. गोंधळ सगळा समोरच्याच्या पदरात पडलेला असतो.

ते मूळचे बोनकोड्याचे. खाडीकाठची त्यांची भातशेती नवं शहर वसवताना सरकारकडे गेली आणि बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर त्यांनी चार मजली बिल्डिंग उभी केली. तळमजल्यावर तीन गाळे आहेत. एकात मोबाईलवाला, दुसऱ्यात केकवाला, आणि तिसऱ्यात स्वतः व्याही पाईप विकतात. साधे नळाचे पाईप नव्हेत. सुतारकामाच्या कारखान्यांत लाकूड कापताना-घासताना उडणारा भुसा ओढून घेणारी मोठी व्हॅक्यूम मशीनं असतात, त्यांना लागणारे काळे, वळ्यावळ्यांचे अँटिस्टॅटिक पाईप, आणि ते एकमेकांना जोडायचे कफ, अडॅप्टर, क्लिपा. बाकी काही नाही. छतापासून जमिनीपर्यंत काळी वेटोळी लोंबत असतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला ते एखाद्या सर्पमित्राचं ऑफिस वाटलं होतं.

अँटिस्टॅटिक म्हणजे काय, हे त्यांनी मला आजवर सात वेळा समजावून सांगितलं आहे. मला समजलं ते असं: बारीक भुसा प्लास्टिकच्या पाईपमधून वेगाने धावतो, घासतो, आणि त्या घासण्यातून वीज तयार होते. ती कधी माणसाच्या हाताला चिमटा काढते, आणि वेळ वाईट असेल तर तिची ठिणगीही पडू शकते. काळ्या पाईपच्या अंगातच असं काही मिसळलेलं असतं की ती वीज गुपचूप जमिनीत निघून जाते. मात्र मशीनपासून पाईपच्या टोकापर्यंतचा प्रत्येक तुकडा त्याच जातीचा हवा. “मधी एक तुकडा साधा आला का सगला फुकट,” असं ते दर वेळी शेवटी म्हणतात. मी मान हलवतो. ते म्हणतात, “कलला नाय तुमाना.” आणि ते खरंच असतं.

त्यांची माझी पहिली भेट मुलीच्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी झाली. मुलं एकाच कॉलेजात होती, त्यांचं ठरलेलंच होतं, आम्ही मोठी माणसं फक्त तारीख आणि पंगत ठरवायला बसलो होतो. मी विचारलं, “तुमच्याकडून साधारण किती माणसं धरायची?” व्याह्यांनी शांतपणे प्रतिप्रश्न केला, “आतली का बाहेरची?” मला काही कळेना. आतली म्हणजे मांडवातली, की घरातली, की जातीतली? मी आमच्या कऱ्हाडकडच्या सवयीनं त्यात अपमान शोधू लागलो. मग जावई हळूच म्हणाले, “बाबा सगळ्यांनाच तसं विचारतात. पाईपचं माप आतलं वेगळं असतं, बाहेरचं वेगळं.” तरीही त्या दिवशी आतली माणसं किती आणि बाहेरची किती याचा उलगडा झाला नाही, आणि लग्नाला अख्खं बोनकोडं आलं. खिशात पेनाच्या जागी ते व्हर्निअर ठेवतात, जाडी मोजायचं ते स्टीलचं हत्यार. त्याच बैठकीत त्यांनी माझ्या बायकोने केलेल्या अनारशाची जाडी मोजली आणि “यो दुसरा बारीक हाय” असं सांगितलं. बायकोला ती निंदा वाटली. त्यांना ती नुसती माहिती होती.

कुणाच्याही घरी गेले की ते आधी लोखंडाला हात लावतात. आमच्या नेरूळच्या फ्लॅटला बाहेरून सेफ्टी डोअर आहे. व्याही आले की पायऱ्या चढून येतात, त्या जाळीला तळहात लावून क्षणभर उभे राहतात, आणि मगच बेल दाबतात. अंगात जमलेला करंट जमिनीला द्यायचा आणि मग माणसाला भेटायचं, असा त्यांचा नियम. समोरच्या बाईंना वाटलं, आमच्या दाराला काहीतरी देवाचं आहे. महिन्याभरात त्याही जाता-येता हात लावू लागल्या. सोसायटीचा वॉचमनही लावतो. मी एकदा त्याला विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, “साहेब, बरं असतं ते.” आता आमच्या जाळीचा तेवढा भाग उजळून निघाला आहे आणि खरं कारण सांगायची माझी सोय राहिलेली नाही.

दुकानात मात्र त्यांच्याकडून माल काढून घेणं महाकठीण. गिऱ्हाईक येतं, घाईत असतं, म्हणतं, “काका, पाच मीटर पाईप द्या.” व्याही त्याला स्टुलावर बसवतात आणि भुशाची चौकशी सुरू करतात. धूल कसली? सागाची का प्लायची? मशीन कंचा? खिडकी हाय का? कामगार किती बसतात? एकदा एक फर्निचरवाला वैतागून म्हणाला, “काका, पाईप घ्यायला आलोय, मुलगी बघायला नाही.” व्याह्यांनी त्याच्या शर्टावरचा भुसा चिमटीत धरला, चोळला, हुंगला, आणि म्हणाले, “यो साग नाय. तुमाना फसवला.” तो माणूस पाईप न घेताच लाकूडवाल्याशी भांडायला कळंबोलीला गेला. असे निम्मे लोक परत जातात. “मग धंदा कसा होतो?” असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “जो परत येतो त्याला देतंव.” यात धंद्याचं तत्त्व काय, ते मला शोधून सापडलेलं नाही.

आणि तो ‘इवाय’चा घोटाळा. आगरी बोलीत व्याह्यांना इवाय म्हणतात, ते मला इवाय म्हणूनच हाक मारतात. पण दोन वेगळ्या मापांचे पाईप जोडणाऱ्या अडॅप्टरलाही ते इवायच म्हणतात, कारण, त्यांच्याच शब्दांत, “दोन घरांचा माप जुलत नाय, मधी त्याला बसवाचा.” हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एकदा बायकोने त्यांना दिवाळीच्या फराळाचं सांगायला फोन केला. “थांबा हां,” म्हणून त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि दुकानातल्या माणसाला सांगू लागले, “तो नेरूलचा इवाय तडकलाय, त्याला फेकून दे. दुसरा जरा ढिला हाय, पन चालन. त्याला क्लिप मार.” नेरूळच्या एका कारखान्यातून परत आलेला तो माल होता. बायको चार दिवस विहीणबाईंशी बोलली नाही, आणि मी चार दिवस आरशात पाहून आपण नक्की कुठे तडकलो आहोत याचा विचार करत होतो.

अशा माणसाशी गंभीर प्रसंग येतो तेव्हा काय होतं, ते मला गेल्या वर्षी कळलं. म्हणजे पूर्ण कळलं असं म्हणवत नाही.

आमच्या जावयांचा, निलेशचा, कळंबोलीला फर्निचरचा छोटा कारखाना आहे. एक गाळा, सहा माणसं. पनवेलला नवी अभ्यासिका सुरू व्हायची होती, स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी, आणि तिथल्या चाळीस टेबलांचं काम निलेशला मिळालं होतं. त्याचं पहिलं मोठं काम. शुक्रवारी सकाळी उद्घाटन, पाहुणे ठरलेले, पत्रिका वाटलेल्या. मंगळवारी सकाळी केतकीचा, आमच्या मुलीचा, फोन आला. आवाज रडवेला.

“बाबा, तुम्ही लगेच कळंबोलीला या. सासऱ्यांनी कारखाना बंद केलाय.”

“बंद म्हणजे?”

“मेन स्विच बंद करून त्याच्याखाली खुर्ची टाकून बसलेत. कुणाला हात लावू देत नाहीत. आणि पाईप कापून टाकलाय.”

मी पोचलो तेव्हा दृश्य खरंच तसंच होतं. गाळ्याच्या मध्यावर चाळीस बिनपॉलिशची टेबलं, अंगभर भुसा झालेले सहा कामगार दारात उभे, आणि मीटरच्या पेटीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर पांढऱ्या शर्टात आमचे व्याही. पायाशी पिवळट रंगाच्या पाईपचे हातहातभर तुकडे पडले होते. निलेश लालबुंद झाला होता.

“पप्पा, तुम्हीच सांगा यांना,” तो मला म्हणाला. “चार दिवसांपूर्वी मशीनचा पाईप फाटला. मी साइटवर होतो, कामगाराने बाजारातून साधा आणून लावला. चाललं होतं ना व्यवस्थित! हे आज आले, पाईप बघितला, एक शब्द बोलले नाहीत, सुरी घेतली आणि कापला. शुक्रवारी टेबलं नाही गेली तर माझं नाव संपलं. टेन्शनने डोकं फुटायची वेळ आलीय.”

मी व्याह्यांकडे वळलो. टिपणी लिहिण्यापूर्वी दोन्ही बाजू ऐकायच्या, ही माझी जुनी सवय.

“अहो, काय झालं नक्की?”

“साधा पाईप नाय चालनार.”

“पण चार दिवस चालला म्हणतोय तो.”

“म्हनून तर.”

एवढंच. यातून मी काय समजायचं होतं? चार दिवस चालला हा पाईपचा गुण की गुन्हा? मी पुन्हा विचारलं, तर त्यांनी मान फिरवली. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की दर थोड्या वेळाने ते वर हात नेऊन मेन स्विच बंदच आहे ना, ते चाचपत होते. हा माणूस रागावलेला नव्हता. घाबरलेला होता. चाळीस निर्जीव टेबलांना घाबरण्यासारखं काय आहे, ते मात्र मला उमगेना.

काळा पाईप ते बरोबर घेऊनच आले होते. अडचण वेगळीच निघाली. निलेशने नुकतंच घेतलेलं घासायचं मशीन परदेशी होतं आणि त्याचं तोंड काही भलत्याच मापाचं होतं. पाईप आणि मशीन यांच्या मध्ये बसेल असा काळा कफ व्याह्यांच्या दुकानात नव्हता. मागवला तर आठवडा लागणार. निलेश म्हणाला, “साधा कफ लावून टेप मारतो. बोटभर तर तुकडा आहे!” व्याही नुसते “नाय” म्हणाले. मग उठले, मेन स्विचच्या पेटीला खिशातलं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, मशीनच्या तोंडाला व्हर्निअर लावून माप घेतलं आणि मला म्हणाले, “चला इवाय.”

“कुठे?”

“कफ बगाला.”

मी का गेलो, ते सांगता येणार नाही. माझ्या मुलीचा संसार त्या कुलपाआड अडकल्यासारखं मला वाटलं असावं. स्कूटरवर ते पुढे, मी मागे, आणि माप जुळवून पाहायला पाईप बरोबर हवा म्हणून पाच मीटरचं काळं वेटोळं आम्हा दोघांच्या अंगाभोवती. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून, ट्रकांच्या रांगांमधून आम्ही तीन दुकानं पालथी घातली. एकाकडे मोठा, दुसऱ्याकडे लहान, तिसऱ्याकडे अगदी मापाचा, पण साधा. तो व्याह्यांनी हातातही घेतला नाही. मग तळोज्याला गेलो. तिथेही तेच. परत येताना सिग्नलला हवालदाराने आम्हाला बाजूला घेतलं. त्याने वेटोळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“काका, हे काय आहे?”

“अर्थिंग,” व्याही म्हणाले.

“कुठं चाललात?” हे त्याने मला विचारलं.

“मलाही माहीत नाही,” मी खरं ते सांगितलं.

त्याने आमच्या पांढऱ्या केसांकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि हात जोडून जायला सांगितलं.

चार वाजायला आले. मी म्हटलं, “आता परत जाऊया. निलेश म्हणतो तसं टेप मारून...” व्याह्यांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग पुढेच पाहत म्हणाले, “एका जाग्याला हाय. पन तिथना मागाला मना तोंड नाय.” आणि आम्ही करंजाड्याच्या रस्त्याला लागलो.

करंजाड्यात नव्या टॉवरांच्या मागे एक बैठं घर होतं. पुढे अंगण, बाजूला पत्र्याची बंद खोली. दार उघडलं ते आमच्याच वयाच्या, पांढरी दाढी राखलेल्या, उंच गृहस्थांनी. व्याह्यांनी आधी खिडकीच्या गजाला हात लावला. त्या गृहस्थांनीही सवयीने तेवढा वेळ थांबून मगच हात पुढे केला, डावा. उजव्या हाताची तीन बोटं आखडून तळव्यात वळलेली होती.

“हे हसनमिस्त्री,” व्याह्यांनी सांगितलं. “आन हे माजे इवाय, नेरूलचे.”

मिस्त्री मूळचे श्रीवर्धनकडचे, पनवेल भागात एकेकाळी त्यांच्या हातच्या दारं-खिडक्यांना मोठी मागणी होती, हे मला मागाहून कळलं. आम्ही बसलो. व्याही नुसते चपलांकडे बघत राहिले. शेवटी मीच सगळी हकीकत सांगितली: पिवळा पाईप, कुलूप, चाळीस टेबलं, कफ. मिस्त्री ऐकत होते. ‘साधा पाईप’ हे शब्द आले तेव्हा त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं, आणि मला एकदम वाटलं, या खोलीत मी सोडून सगळ्यांना काहीतरी माहीत आहे.

“इतकंच ना?” मिस्त्री उठले. “आहे माझ्याकडे. चला.”

पत्र्याच्या खोलीत त्यांचा जुना कारखाना होता. रंधे, पटाश्या, करवती, सगळं तेल लावून कापडाखाली ठेवलेलं. कोपऱ्यात एक व्हॅक्यूम मशीन, त्याला काळा पाईप, काळे कफ, सगळा सरंजाम कोराच्या कोरा. कधी भुसा लागलेलाच नव्हता. मिस्त्री खाली बसले आणि डाव्या हाताने क्लिप सोडवू लागले. व्याही मदतीला वाकले तर म्हणाले, “राहू दे, येतं मला.” बराच वेळ लागला. कफ निघाला. व्याह्यांनी माप घेतलं. बरोबर होतं. पण ते तो खिशात टाकेनात.

मिस्त्रींनी मग माझ्याकडे वळून, जणू मीच विचारलं होतं अशा थाटात, सांगायला सुरुवात केली. “बारा-तेरा वर्षं झाली असतील. माझा पाईप गेला होता. याच्याकडे काळा नव्हता तेव्हा, म्हणून याने साधा दिला, आठ दिवस चालव म्हणाला, बदलून देतो. सहाव्या दिवशी भुशाची पिशवी पेटली. मी हात घालून ती बाहेर ओढली. त्यात हे झालं.” त्यांनी हात वर केला. “तेव्हापासून हा माणूस स्वतःला खात बसलाय, हे नवं मशीन-पाईपही यानेच आणून बसवलं. मी किती वेळा सांगितलं याला, अरे, मी बिडी ओढत होतो. माझ्या बिडीने पेटलं. तुझ्या पाईपचा काय संबंध? पण ऐकत नाही. तुम्ही तरी समजवा. शिकलेले दिसता.”

मी व्याह्यांना म्हटलं, “अहो, ते स्वतः सांगताहेत.” व्याही मान खाली घालून म्हणाले, “व्हय.” एवढंच.

चहाच्या कपबशा आणायला मी आत गेलो, कारण मिस्त्रींच्या बेगमला, भाभींना, एकट्याने ट्रे उचलवेना. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, “मिस्त्रींनी आता बिडी सोडली का?” भाभी माझ्याकडे पाहतच राहिल्या. “बिडी? यांनी उभ्या जन्मात बिडी ओढली नाही. मी फोडणी दिली तरी ठसका लागतो म्हणून अंगणात जाऊन बसतात.” मग माझा चेहरा पाहून त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं असावं. ट्रेवरचं कापड नीट करत हळूच म्हणाल्या, “तुमी बाहेर काय बोलू नका हां, भाऊ.”

मी बाहेर आलो. दोघे शेजारी शेजारी बसले होते. मी चहा घेतला. साखर होती की नव्हती, आठवत नाही.

परतीच्या वाटेवर स्कूटरवर मागे बसून मी मनाशी टिपणी लिहू लागलो. मुद्दा एक: मिस्त्री खोटं बोलतात. मुद्दा दोन: ते व्याह्यांसाठी बोलतात. मुद्दा तीन: हे व्याह्यांना कळता कामा नये. माझ्या आयुष्यात यापेक्षा सरळ टिपणी झाली नसती. पुलाच्या उतारावर व्याही मागे न पाहता म्हणाले, “भाभीनी सांगला का तुमाना?”

“काय?”

“त्यानी बिडी कदी वढली नाय.”

माझा हात पाईपवरून सुटला. “म्हणजे तुम्हाला माहीत आहे?”

“पैल्या दिवसापासना. त्याच्यासंगती वीस वरसा काम केला. धूर चालत नाय त्याला.”

“मग पिशवी पेटली ती पाईपनेच?”

“त्या बी म्हाईत नाय, इवाय. त्या दिशी लाकडात खिला व्हता, कटरला लागला, चिनग्या उडाल्या. त्यातली एक वढली आसन पिशवीत. का पाईपानी केला. का आजून कशानी. कोनालाच म्हाईत नाय.” त्यांनी स्कूटर हळू केली. “म्हाईत आसता तर बरा झाला आसता. मंग रडून मोकला झालो आसतो.”

“मग तुम्ही मिस्त्रींना सांगत का नाही, की तुम्हाला खरं ठाऊक आहे?”

कारखाना आला. स्कूटर स्टँडला लावता लावता म्हणाले, “तो इतक्या मनापासना सांगतो.”

सव्वासहाला कफ बसला. व्याह्यांनी मशीनपासून टोकापर्यंत प्रत्येक जोड हाताने तपासला, कुलूप काढलं, स्विच दाबला आणि दारात जाऊन पाठमोरे उभे राहिले. निलेश त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. त्याने आणि माणसांनी पुढचे दोन दिवस मान वर न करता काम केलं. टेबलं शुक्रवारी सकाळी पोचली खरी, पण पॉलिश पुरतं सुकलं नव्हतं. प्रमुख पाहुण्यांनी दीप लावून भाषणाला उभं राहण्यापूर्वी टेबलावर कोपर टेकलं, आणि उठले तेव्हा बाही टेबलालाच चिकटली. त्यांनी ती मोठ्या शिताफीने सोडवली आणि “ही अभ्यासिका माणसाला धरून ठेवते” असं म्हणून टाळ्या घेतल्या. निलेशला त्यानंतर आणखी एका वाचनालयाचं काम मिळालं.

मी निलेशला लगेच काही सांगितलं नाही. पण महिनाभर बाप-लेक एका ताटावर बसून मुके राहिले, केतकी मधल्या मध्ये वाळू लागली, तेव्हा एका संध्याकाळी मी त्याला नेरूळला बोलावलं आणि करंजाड्याचं सगळं सांगितलं. त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, “मी तेव्हा दहावीत होतो. बाबा आठ दिवस जेवले नव्हते, एवढंच आठवतं. आई म्हणाली होती पोट बिघडलंय.” त्यानंतर त्याने वडिलांची माफी वगैरे मागितली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, “बाबा, पाईप पाहिजे.” व्याह्यांनी त्यालाही पहिल्यापासून विचारलं, धूल कसली, खिडकी हाय का, कामगार किती. त्याने सगळी उत्तरं दिली.

आता महिन्यातून एका रविवारी व्याही मला नेरूळहून उचलतात आणि आम्ही करंजाड्याला जातो. तिथे विशेष असं काही घडत नाही. भाभी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याचं काहीतरी झणझणीत करतात, आणि फोडणी पडली की मिस्त्री उठून अंगणात जाऊन बसतात. मग व्याही त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर जातात. दोघे कशावर बोलतात, ते मला ऐकू आलं तरी समजत नाही. लाकडाची नावं असतात, मेलेल्या माणसांची नावं असतात, मधूनच दोघे हसतात. मी मध्ये बसतो. कुणाला काय माहीत आहे, कोण कुणापासून काय लपवतो आहे आणि त्यातलं कुणासाठी काय आहे, याचा हिशोब मी पूर्वी मांडायचो. अलीकडे मांडत नाही. वय झालं की एखादा कागद निकाली न काढताही फाईल बंद करता येते, असं वाटू लागलं आहे.

निघताना मात्र दर खेपेला एकच बोलणं होतं. मिस्त्री फाटकापर्यंत सोडायला येतात, व्याह्यांच्या खांद्यावर तो वळलेला हात ठेवतात आणि म्हणतात, “डोक्यात काय ठेवू नको. बिडी माझीच होती.”

आणि आमचे व्याही स्कूटरला किक मारता मारता म्हणतात, “आता तरी सोड रं ती.”

“सोडतो,” मिस्त्री म्हणतात.